मसाजच्या टेबलावर गप्प राहणे म्हणजे सभ्यपणा नव्हे

पत्राचा सारांश : ५७ वर्षांचे एक वाचक हिशेबाचे काम करतात आणि दिवसाचा बराच वेळ संगणकासमोर बसून असतात. गेले काही महिने त्यांची मान आखडलेली असते आणि संध्याकाळपर्यंत उजवा खांदा भरून येतो. डॉक्टरांनी तपासून, काळजीचे कारण नाही असे सांगितले व काही व्यायाम दिले. आता त्यांच्या मुलीने वाढदिवसाची भेट म्हणून एका मसाज थेरपिस्टची ६० मिनिटांची अपॉइंटमेंट घेऊन ठेवली आहे. ते लिहितात : “कपडे किती काढायचे आणि हे विचारायचे कोणाला, मला कळत नाही. जोरात दाबल्याशिवाय गाठी सुटत नाहीत असे ऐकले आहे, त्यामुळे दुखले तरी सोसायची माझी तयारी आहे. त्यांना त्यांचे काम कळते, मध्येच काही बोलून मी अडाणी ठरू नये एवढेच वाटते. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी रोज घेतो, पण तिचा मानेशी काही संबंध नाही. खरे सांगायचे तर अपॉइंटमेंट गुपचूप रद्द करून टाकावी आणि मुलीला ‘जाऊन आलो’ म्हणून सांगावे, असे मनात येते. काय करू?”

उत्तर :

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही अगदी जाता जाता लिहिले आहे, ते गोळीचे. त्या गोळीचा मानेच्या दुखण्याशी संबंध नसेल, पण मानेवर आणि खांद्यावर पडणाऱ्या दाबाशी तिचा अगदी थेट संबंध आहे. रक्त गोठण्याची क्रिया औषधाने मंदावलेली असताना स्नायूंवर खोल आणि जोरदार दाब पडला, तर त्वचेखाली किंवा स्नायूच्या आत रक्तस्राव होऊ शकतो. एरवी लहानसा राहून आपोआप मावळणारा काळानिळा डाग मोठा होऊन पसरू शकतो. याचा अर्थ तुम्ही मसाज घेऊच नये असा नाही. ही औषधे घेणारे अनेक जण हलक्या दाबाचा मसाज व्यवस्थित घेतात. परंतु तुम्हाला चालेल का आणि किती दाब चालेल, हे तुमची प्रकृती जाणणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायला हवे, आणि ते काय म्हणाले हे थेरपिस्टच्या कानावर पहिल्या पाच मिनिटांत गेले पाहिजे. एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका : मसाजच्या दिवसापुरती गोळी स्वतःच्या मनाने बंद ठेवू नका. ठोके अनियमित असताना हृदयात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, आणि ती मेंदूकडे जाऊन पक्षाघात होऊ नये म्हणूनच ती गोळी दिलेली असते.

आता जरा विचार करा. तुम्ही ठरवल्याप्रमाणे गप्प राहिला असता, जोर लावायला मान हलवून संमती दिली असती आणि दुखले तरी सोसले असते, तर काय झाले असते? थेरपिस्ट कितीही कुशल असला तरी तुम्ही कोणती गोळी घेता हे त्याच्या बोटांना कळत नाही. तुमच्या पत्रात मला मुळात हीच समजूत दिसते की मसाज ही आपल्यावर कोणीतरी करायची गोष्ट आहे आणि आपले काम फक्त मुकाट्याने पडून राहण्याचे आहे. प्रत्यक्षात त्या खोलीतली निम्मी माहिती तुमच्याजवळ असते. कुठे दुखते, कशाने वाढते, पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली, आत्ता पडलेला दाब बरा वाटतो की श्वास रोखून धरावा लागतो, हे तुमच्याशिवाय कोणीही सांगू शकत नाही. तुमच्या बोलण्याने थेरपिस्टच्या कामात व्यत्यय येत नाही. उलट त्याला ज्या माहितीवर काम करायचे असते ती माहिती त्याला मिळते.

म्हणूनच पहिली अपॉइंटमेंट टेबलावर सुरू होत नाही, ती खुर्चीत सुरू होते. बहुतेक ठिकाणी आधी एक अर्ज भरून घेतात. त्यात आजार, औषधे, ॲलर्जी, झालेल्या शस्त्रक्रिया, जुन्या दुखापती यांची विचारणा असते आणि स्त्रियांना गर्भारपणाबद्दल विचारलेले असते. हे प्रश्न खासगी वाटले तरी ते चौकशीसाठी विचारलेले नसतात. तुमच्यासारखे पुष्कळ जण घाईघाईत सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होतात, आणि औषधांच्या रकान्यात तर हमखास काहीच लिहीत नाहीत, कारण मानदुखीसाठी आलेल्या माणसाला हृदयाच्या गोळीचा उल्लेख अप्रस्तुत वाटतो. काय प्रस्तुत आहे ते ठरवण्याचे काम समोरच्यावर सोपवा आणि सगळे लिहा. तेल लावायचे असल्यामुळे त्वचेची ॲलर्जीही सांगा. बदाम किंवा शेंगदाणा सोसत नसेल तर त्यांची तेले वापरून चालत नाही, आणि सुगंधी तेलांनी डोके दुखत असेल तर बिनवासाचे तेल किंवा लोशन मागता येते. अर्ज कोणी पुढे केलाच नाही, प्रकृतीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही आणि थेट टेबलाकडे बोट दाखवले, तर तुम्ही स्वतःहून सांगा. आणि सांगितल्यावरही ऐकून घेण्याची तयारी दिसली नाही, तर तिथून परत यायला हरकत नाही.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी इथेच काही गोष्टी नोंदवून ठेवायला हव्यात. ताप असताना, अंगावर संसर्गजन्य पुरळ किंवा उघडी जखम असताना मसाज घेऊ नये. एका पायाला अचानक सूज आली असेल, पोटरी दुखत असेल, तिथली त्वचा गरम किंवा लालसर लागत असेल, तर त्या पायाला कोणालाही चोळू देऊ नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. खोल रक्तवाहिनीत गुठळी झालेली असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हाडे ठिसूळ झालेली असतील, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, कर्करोगावर उपचार चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील, तर मसाज वर्ज्यच असतो असे नाही, पण तो वेगळ्या पद्धतीने आणि डॉक्टरांना विचारूनच घ्यावा लागतो. मानदुखीबरोबर हाताला बधिरपणा किंवा अशक्तपणा येत असेल, अथवा कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर मसाजच्या नादी लागून एक दिवसही दवडू नये. ते दुखणे डॉक्टरांचे आहे.

आता कपड्यांकडे येऊ, कारण तुमचा खरा अडथळा तोच आहे असे पत्रावरून वाटते. तुम्ही विचारायला संकोचत आहात, पण हा प्रश्न प्रत्येक थेरपिस्टने असंख्य वेळा ऐकलेला असतो. बोलणे संपले की थेरपिस्ट तुम्हाला पालथे झोपायचे की उताणे ते सांगतो, चादर कुठे आहे ते दाखवतो आणि खोलीबाहेर जातो. त्यानंतर तुम्ही तुम्हाला जेवढे सोयीचे वाटेल तेवढेच कपडे काढायचे असतात. अंतर्वस्त्रे अंगावर ठेवता येतात, आणि मान-खांद्यापुरतेच काम असेल तर फक्त शर्ट-बनियन काढून विजार तशीच ठेवली तरी काही बिघडत नाही. टेबलावर चढून चादर अंगावर ओढून घेतली की तो दारावर टकटक करतो, तुमचा होकार घेतो आणि मगच आत येतो. मसाज चालू असताना ज्या भागावर काम चालले आहे तेवढाच भाग उघडा ठेवतात; पाठीचे काम संपले की चादर वर येते, पायाचे सुरू करायचे असेल तर त्याच पायावरची बाजूला होते आणि कडेने खोचली जाते. कूस बदलायला सांगताना चादर उचलून आडोशासारखी धरतात, म्हणजे वळतानाही अंग उघडे पडत नाही. गुप्तांगे संपूर्ण वेळ झाकलेलीच असतात. कपडे अजिबातच काढायचे नसतील तर पुढे छातीला टेकण असलेल्या खास खुर्चीत बसून, कपड्यांवरूनही मान, खांदे आणि पाठ यांचा मसाज घेता येतो; पहिल्या खेपेला तुम्ही तोच मागितलात तर मला त्यात काहीच गैर वाटत नाही.

स्त्री थेरपिस्ट हवी की पुरुष, हे वेळ घेतानाच सांगता येते आणि त्याचे कारण द्यावे लागत नाही. तुमच्या मुलीने वेळ घेताना हे विचारले नसेल, तेव्हा तुम्ही फोन करून विचारा. आणखी एक गोष्ट, जी लिहायला पुरुष धजत नाहीत आणि त्या धास्तीने जायचेच टाळतात : शरीर सैल पडल्यावर कधी कधी पुरुषांच्या बाबतीत लैंगिक इच्छेशी काहीही संबंध नसलेली शारीरिक प्रतिक्रिया होऊ शकते. अनुभवी थेरपिस्टला ती ठाऊक असते, तो तिकडे लक्ष न देता दुसऱ्या भागाकडे वळतो आणि थोड्या वेळात ती आपोआप ओसरते. पोटात गुडगुडणे, झोप लागून घोरणे, एखाद्याला विनाकारण डोळे भरून येणे, हेही तितकेच सर्वसाधारण आहे आणि यातल्या कशाचीही माफी मागायची गरज नसते.

सीमा मात्र दोन्ही बाजूंना सारख्याच लागू असतात. थेरपिस्टचा हात जिथे जायला नको तिथे गेला, चादर गरजेपेक्षा जास्त सरकली, बोलणे लैंगिक वळणावर गेले किंवा नुसतेच काहीतरी चुकते आहे असे वाटले, तर ‘थांबा’ एवढा एक शब्द पुरेसा आहे. पुरावा गोळा करत बसू नका, गैरसमज तर होत नाही ना म्हणून स्वतःला समजावत राहू नका. उठा, कपडे करा, निघा आणि तक्रार करा. ठरलेला वेळ संपलेला नाही किंवा पैसे आधीच भरलेले आहेत, यामुळे कोणीही टेबलावर पडून राहायला बांधील होत नाही. अनोळखी माणसाला नकार देणे अवघड जाते म्हणून फार सोसणाऱ्या वाचकांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, हे मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे.

टेबलावर नेमके काय घडते, तेही सांगायला हवे, कारण माहीत नसलेल्या गोष्टीचीच धास्ती अधिक असते. टेबलाच्या एका टोकाला मऊ गादीचे, मधे पोकळ असलेले कडे असते. पालथे झोपल्यावर चेहरा त्यात ठेवायचा असतो, म्हणजे मान एका बाजूला वळवावी लागत नाही. मानदुखी असलेल्या माणसाने त्या कड्याची उंची नीट जुळवून घेतल्याशिवाय पुढे जाऊच देऊ नये, नाहीतर ज्या मानेसाठी गेलो तीच तासभर चुकीच्या कोनात अडकून पडते. सर्दी झालेली असेल तर या स्थितीत नाक चोंदते. तसे झाले तर कुशीवर झोपून काम करता येते. घोट्यांखाली लोड ठेवला की कंबरेवरचा ताण कमी होतो, आणि तो ठेवलेला नसेल तर मागून घ्यावा. गार वाटले तर पांघरूण मागावे. सुरुवातीला बहुधा तळहाताचे लांब, सरकते, हलके फिरवणे असते. त्यातून तेल पसरते, स्नायू उबदार होतात आणि कुठे कडकपणा आहे याचा थेरपिस्टला अंदाज येतो. मग कणीक मळावी तसे स्नायू धरून सोडणे, अंगठ्याने एखाद्या जागी बारीक घासणे, कधी थोपटणे, कधी हलका कंप देणे. या हालचालींची वर्गवारी आणि त्यांची आजही वापरात असलेली फ्रेंच नावे १९व्या शतकातले डच डॉक्टर योहान मेत्झगर यांच्या नावाशी जोडली जातात. ज्याला जगभर स्वीडिश मसाज म्हणतात त्याचा पाया याच हालचालींचा आहे. ‘डीप टिश्यू’ नावाने मिळणारा मसाज याहून खोल आणि संथ दाबाचा असतो, आणि डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका.

यावरून तुमच्या दुसऱ्या समजुतीकडे येतो विषय, ती म्हणजे जितके दुखेल तितका गुण येईल. ही समजूत इतकी रुजलेली आहे की चांगले शिकलेले लोकही टेबलावर दात आवळून पडून राहतात. दुखऱ्या जागी दाब पडला की ‘हो, हीच ती जागा’ असे वाटणारे एक गोड दुखणे असते. त्यात श्वास चालू राहतो आणि दाब सुटल्यावर बरे वाटते. याउलट ज्या दाबाने श्वास अडकतो, मुठी वळतात, खांदे कानांकडे उचलले जातात, त्या दाबाला शरीर विरोध करत असते. स्नायू सैल व्हावा म्हणून दाबायचे आणि त्या दाबामुळेच त्याने आवळून घ्यायचे, यात कोणाचाच फायदा नाही. बरेच थेरपिस्ट शून्य ते दहाच्या मापात दाब विचारतात. शून्य म्हणजे काहीच जाणवत नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे धरले तर पाच-सहाच्या वर जायची गरज सहसा पडत नाही. तुम्ही तर तीन-चारवरच थांबावे. सणक, झिणझिण्या, हातात उतरणारी कळ यांपैकी काहीही जाणवले तर वाक्य पूर्ण होण्याची किंवा विचारले जाण्याची वाट पाहू नका. गळ्याच्या पुढच्या भागावर, जिथे नाडी लागते तिथे, कोणालाही जोर लावू देऊ नका. आणि मान झटक्यात वळवून ‘कट’ आवाज काढण्याची तयारी दिसली तर स्पष्ट नाही म्हणा. तो मसाजचा भाग नाही.

बोलण्याचा सराव नसला की वेळेवर शब्द सुचत नाहीत, म्हणून काही साधी वाक्ये सोबत घेऊन जा. “मी पहिल्यांदाच आलो आहे, काय करायचे ते टप्प्याटप्प्याने सांगा.” “मी रक्त पातळ करणारी गोळी घेतो, डॉक्टरांनी हलका दाब चालेल असे सांगितले आहे.” “जरा हळू.” “पाय नकोत, मान आणि खांदेच करा.” पहिले वाक्य उच्चारताना तुम्हाला लाज वाटेल, पण त्यानंतर अडाणी ठरण्याची तुमची भीती उरणारच नाही, कारण नवखेपणा तुम्ही स्वतःच सांगून टाकलेला असेल आणि पुढचे समजावण्याची जबाबदारी समोरच्यावर गेलेली असेल. एकदा टेबलावर गेल्यावर गप्पा मारत राहण्याचे बंधनही नाही. दाबाबद्दल आणि दुखण्याबद्दल बोला, बाकी शांत राहावेसे वाटले तर शांत राहा.

तयारी फारशी लागत नाही. भरपेट जेवून लगेच जाऊ नका, पालथे झोपवत नाही. अगदी उपाशीही जाऊ नका. दारू पिऊन जाऊ नये. घड्याळ, साखळी, चष्मा काढून ठेवायचा असतो आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या काढून ठेवण्यासाठी डबी सोबत न्यावी. पहिल्या खेपेला दहा-पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. ६० मिनिटांच्या वेळेत काही ठिकाणी अर्ज, बोलणे आणि कपडे करणे हे सगळे धरलेले असते, काही ठिकाणी नसते. ते आधी विचारून ठेवले की मसाज पन्नास मिनिटांतच आटोपला म्हणून मन खट्टू होत नाही.

संपल्यावर ताडकन उठू नका. बराच वेळ आडवे पडून एकदम उभे राहिले की रक्तदाब खाली जाऊन चक्कर येऊ शकते, आणि तुमच्यासारख्या गोळीवर असलेल्या माणसाने पडणे तर कटाक्षाने टाळले पाहिजे. कुशीवर वळा, हाताचा आधार घेऊन बसा, मिनिटभर पाय खाली सोडून थांबा. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अंग थोडे दुखेल, सवय नसलेला व्यायाम केल्यावर दुखते तितपत, आणि एक-दोन दिवसांत ते जाईल. यानंतर भरपूर पाणी प्या म्हणजे शरीरातली विषद्रव्ये निघून जातील, असे तुम्हाला हमखास ऐकवले जाईल. तहान लागली तर पाणी अवश्य प्या, पण मसाजने विषद्रव्ये बाहेर पडतात याला चांगला पुरावा नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे अखंड करत असतात. व्यायामाने साठलेले लॅक्टिक ॲसिड मसाजने निघते, हेही तसेच. व्यायाम थांबल्यावर ते साधारण तासाभरात आपोआप कमी होते. तुम्ही लक्ष ठेवायचे ते निराळ्याच गोष्टींवर : काळानिळा डाग पसरत चालला, एखादी जागा सुजून टणक झाली, डोके विलक्षण दुखू लागले, बोलताना जीभ अडखळली किंवा हातातले बळ गेल्यासारखे वाटले, तर थेरपिस्टला नव्हे, ताबडतोब डॉक्टरांना गाठा.

गुण किती येईल, हेही मोकळेपणाने सांगायला हवे. २०१७ साली ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या संस्थेने कंबरदुखीसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, नव्याने उद्भवलेल्या दुखण्यासाठी औषधांच्या आधी करून पाहण्याच्या उपायांत शेक आणि मसाज यांचा समावेश होता; पण मसाजच्या बाबतीतला पुरावा फार भक्कम नाही हेही त्यांनी तिथेच नोंदवले होते, आणि महिनोन्‌महिने चाललेल्या कंबरदुखीसाठी त्यांनी सुचवलेल्या उपायांत व्यायाम होता, मसाज नव्हता. तुमचे दुखणे मानेचे आहे, पण अपेक्षा साधारण तेवढीच ठेवावी. मसाजनंतर मान हलकी वाटेल, वळवताना कमी अडेल, रात्री झोप बरी लागेल, आणि हा आराम काही तास किंवा काही दिवस टिकेल. तेवढ्या काळात डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करणे सोपे जाते, आणि मसाजचा तुम्हाला होण्यासारखा सर्वांत मोठा उपयोग मला हाच दिसतो. ज्या खुर्चीत आणि ज्या पडद्यासमोर मान आखडली, ती खुर्ची आणि तो पडदा तसेच राहिले तर मान पुन्हा आखडणारच. एका भेटीत सगळे सुटेल अशी आशा धरू नका, आणि दहा बैठकींचे पैसे एकदम भरायचा आग्रह झाला तर पहिल्यानंतर अंग कसे राहते ते पाहून कळवतो, असे सांगा.

आता गुपचूप रद्द करण्याबद्दल. मसाज नकोच असेल, तर तो नाकारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि भेट मिळाली म्हणून ती अंगावर घ्यायची सक्ती नाही. पण तुमच्या पत्रात मला ‘नको आहे’ असे कुठेच वाचायला मिळाले नाही. ‘कसे वागायचे ते कळत नाही’ एवढेच मिळाले, आणि तेवढ्यासाठी मुलीशी खोटे बोलण्याची वेळ स्वतःवर आणू नये. शिवाय ‘जाऊन आलो’ म्हटल्यावर ती ‘कसे वाटले?’ असे विचारणार, आणि तुम्हाला बरे वाटले असे समजून पुढच्या वाढदिवसालाही हीच भेट देणार. त्यापेक्षा तिला गोळीचे कारण सांगा, ते खरेही आहे आणि पुरेसेही. त्या केंद्राला फोन करून वेळ पुढे ढकला. अनेक ठिकाणी २४ तास आधी कळवले तर शुल्क आकारत नाहीत, तुमच्या इथे काय नियम आहे ते विचारून घ्या. मग डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : मला मसाज चालेल का, दाब किती असावा आणि अंगाचा कोणता भाग टाळावा. उत्तरे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद अर्जासोबत थेरपिस्टच्या हातात द्या. ६० मिनिटांऐवजी पहिल्यांदा ३० मिनिटांचीच वेळ मिळते का, तेही त्याच फोनवर विचारा. मान आणि खांद्यांसाठी तेवढी पुरते.